परड्याची नोंदवही : घटस्थापना ते रथसप्तमी

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी कण्हेर छाटली. घरादाराची साफसफाई चाललेली, त्यात परडंही आलंच. फांद्या कोपऱ्यात ओढल्या, वर वाळका पाला लोटला आणि काडी ओढणार इतक्यात एका पानाखाली काहीतरी चमकलं. चांदीचा मणी लोंबावा तसं. हबशी फुलपाखराचा कोष होता तो. ढीग उलटून पाहिला तर आणखी सात निघाले, त्यातले चार दबून फुटलेले. उरलेले दोऱ्यानं बांधून व्हरांड्यात टांगले, पण एकही उमलला नाही. तेव्हाच ठरवलं की पुढच्या खेपेला पाऊस गेल्यावर परड्यात कोयताही न्यायचा नाही आणि काडेपेटीही नाही. महाशिवरात्रीनंतर काय ते बघू. ही नोंदवही त्या ठरवण्याची आहे.

आमचं घर बेळगावात, अनगोळला. मागे जेमतेम दीड गुंठा परडं, त्यापलीकडे भाताचं शिवार. एक आंबा, एक पेरू, कढीपत्ता, कण्हेरीच्या दोन जाळ्या, कर्दळीचा पट्टा, दोन केळी, तुळस, जास्वंद, आणि कुंपणाला आपोआप उगवलेलं बरंच काही.

थंडीच्या देशांतल्या बागांविषयी वाचलं की सगळी काळजी गोठण्याची असते. बेळगाव अडीच हजार फुटांवर असलं तरी इथला हिवाळा जीव घेणारा नाही. इथं पाऊस थांबतो, दवावर दोनेक महिने निघतात, आणि मग पाणी आटत जातं. त्याच वेळी माणसं पाला झाडून पेटवतात. म्हणजे पाणी आणि आसरा, दोन्ही एकदमच जातात. म्हणून मी यंदा दोनच गोष्टींवर भर दिला. बाकीचं जमेल तसं.

३ ऑक्टोबर, घटस्थापना. परतीचा पाऊस दुपारी येऊन जातोय. कण्हेरीवर हबशीच्या अळ्या मोजल्या, एकोणीस. काळे-पांढरे-केशरी पट्टे आणि अंगावर मिशांसारख्या लवचीक शिंगांच्या चार जोड्या. कण्हेरीचा चीक विषारी, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. या अळ्यांना मात्र ते विष बाधत नाही, आणि पक्षीही यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. पानं पार चाळण झालीत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, औषध मार की गं, झाड जातंय बघ." म्हटलं, थांबा, दिवाळीपर्यंत नवी पालवी येते. (आली.)

८ ऑक्टोबर. पाण्याची सोय. खानापूरच्या मातीची दोन मोठी परळं आणली. एक जमिनीवर ठेवलं, एक पेरूच्या फांदीला शिंकाळ्यात. पाणी दोन बोटं, त्यात मधोमध एक चपटा दगड, वर आलेला, म्हणजे मधमाशी पडली तरी चढून येते. गुळगुळीत स्टीलचं पातेलं ठेवू नका. पक्ष्याचे पाय घसरतात आणि तो परत येत नाही. जमिनीवरचं परळ झुडपांपासून सहा फूट लांब ठेवलंय, कारण शेजारचा बोका कर्दळीत दबा धरून बसतो. एक दिवसाआड नारळाच्या शेंडीनं घासून पाणी बदलते. डासाची अळी पूर्ण व्हायला आठवडा तरी लागतो, त्यामुळे असं बदललं तर डासांची भीती नाही. तांदळाचं धुवण किंवा साबणाचा अंश असलेलं पाणी परळात नको, ते कर्दळीला.

१२ ऑक्टोबर, दसरा. पहाटे गच्चीवरच्या टाकीजवळ करडा धोबी. शेपटी वरखाली, पोटाला पिवळा रंग. हा हिमालयाकडून येतो. आमच्याकडे तो दिसला की छत्र्या माळ्यावर टाकायला हरकत नाही.

१७ ऑक्टोबर. पहिला कोष. अळी पानाच्या खालच्या शिरेला रेशमाची गाठ मारून उलटी लोंबली, दुसऱ्या दिवशी कातडी टाकली. आधी फिकट पिवळट, मऊ, आणि दिवस मावळेपर्यंत आरसा. खरंच आरसा. जवळ डोळा नेला तर त्यात माझं डोकं, मागचं आभाळ आणि कौलांची ओळ वाकडी होऊन दिसत होती. मुलाला दाखवलं, तो अर्धा तास हलला नाही.

२६ ऑक्टोबर. आज सकाळी पावणेआठला तो उमलला. आदल्या रात्रीच कोष काळपट झाला होता आणि आतून पंखांवरचे पांढरे ठिपके दिसत होते. बाहेर आला तेव्हा पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले. रिकाम्या टरफलाला धरून लोंबत राहिला, पोट आकसत होतं, पंख उतरत होते. तासाभरात सरळ झाले. दहाच्या सुमारास उडाला आणि थेट आंब्याच्या सावलीत गेला.

सगळा हिशेब सांगायचा तर : अकरा कोष सापडले, आठ उमलले. एकाला मुंग्या लागल्या. दोन काळे पडले आणि त्यातून परजीवी माशीच्या अळ्या निघाल्या. वाईट वाटलं, पण ती माशीही याच परड्यातली, म्हणून काही केलं नाही.

३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर, दिवाळी. फटाके. परड्याच्या बाजूला आम्ही वाजवले नाहीत. झाडलेला सगळा पाला आंब्याखाली चार फूट रुंद जाळीच्या गोलात भरला. पलीकडच्या आज्जी कुंपणावरून म्हणाल्या, "हाव बर्तद नोड्री." साप येईल बघा. त्यांचं म्हणणं खोटं नाही. थंडीच्या दिवसांत घोणस फिरते, आणि वाळक्या पाल्यात ती दोन हातांवर असली तरी दिसत नाही. म्हणून काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. ढीग दारापासून आणि धुण्याच्या दगडापासून लांब. त्यात खरकटं अजिबात टाकायचं नाही, कारण खरकट्याला उंदीर येतो आणि उंदरामागे साप. हात घालायचा नाही, आधी लांब काठीनं हलवायचं, पायात गमबूट. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय मागे जायचं नाही. मुलाला तिकडे एकट्याला पाठवत नाही. साप दिसलाच तर सर्पमित्राला फोन करायचा, काठी उचलायची नाही. ज्यांचं अंगण चिमुकलं आहे आणि घरात रांगतं मूल आहे त्यांनी ढीग करू नये, झाडांच्या बुंध्याशी पाल्याचा पातळ थर दिला तरी पुष्कळ.

९ नोव्हेंबर. एक फसलेला प्रयोग. ताटलीत बाजरी आणि तांदळाची कणी ठेवायला सुरुवात केली होती. पहिले चार दिवस चिमण्या आल्या, आनंद झाला. पाचव्या दिवसापासून पारवे, तेही पंधरा-वीस. त्यांनी चिमण्यांना टिकू दिलं नाही, आणि रात्री उंदीर. बंद केलं. त्याऐवजी कुंपणाकडचं गवत, आघाडा आणि राजगिरा उभाच ठेवला. पलीकडे भाताची कापणी चालू आहे, पिंजराचे भारे रचलेत, मुनियांचा थवा तिथून उठतो आणि आमच्या गवतावर बसतो. काडी वाकते, मुनिया तिच्याबरोबर खाली येते, तुऱ्यातलं बी ओरबाडते आणि दुसऱ्या काडीवर. तुळशीच्या मंजिऱ्याही तुळशीच्या लग्नापर्यंत खुडायच्या नाहीत.

१८ नोव्हेंबर. खुळखुळ्याविषयी सांगायलाच हवं. कुंपणाला याची सात-आठ झाडं होती. वाळली, शेंगा वाजायला लागल्या. उपटायला गेले तर मोडलेल्या फांदीवर सहा ब्लू टायगर फुलपाखरं आणि दोन हबशी सोंड लावून बसलेले. फूल नाही, मध नाही, नुसती वाळकी काटकी. हे बहुतेक नरच असतात. या झाडातली अल्कलॉइडं नावाची रसायनं ते शोषून घेतात आणि त्यातून मादीला ओढून घेणारा गंध बनवतात. इतके गुंग असतात की बोटानं ढकललं तरी लवकर हलत नाहीत. झाडं आहेत तशीच ठेवली, उलट दोन फांद्या मुद्दाम मोडून लोंबत्या ठेवल्या.

२७ नोव्हेंबर. पाल्याच्या ढिगात खडखड. सातभाई म्हणून बघायला गेले तर नारंगी डोक्याचा कस्तूर. चोचीनं एकेक पान उचलून बाजूला भिरकावतो, थांबतो, मान तिरकी करतो, मग गांडूळ. पंधरा मिनिटांत त्यानं हातभर जागा उलथली. या एका पक्ष्यासाठीसुद्धा ढीग ठेवायला हरकत नाही असं मला वाटतं.

६ डिसेंबर. आता बांडगुळाचा वाद. आंब्याच्या दोन फांद्यांवर बांडगूळ आहे. घरात सगळ्यांचं मत काढून टाकावं असं. मुळं आंब्याच्या लाकडात शिरतात, फांदी सुकते, हे खरंच आहे. पण मार्गशीर्षात परड्यात दिसणारं सगळ्यात देखणं फुलपाखरू, ज्याला आपल्याकडे हळदीकुंकू म्हणतात, ते अंडी घालतं याच्याच पानांवर. पिवळ्यावर लाल ठिपक्यांची कड, नाव किती नेमकं आहे. अंडी एकगठ्ठा घालते आणि अळ्याही घोळक्यानं एकाच पानावर ओळीत खातात. बांडगुळाची फळं खातो फुलटोच्या, अंगठ्याएवढा पक्षी. चिकट बी ढुंगणाला चिकटतं, ते तो फांदीवर घासून काढतो आणि तिथं नवं बांडगूळ उगवतं. शेवटी तोडगा निघाला : फळं देणाऱ्या मोठ्या फांदीवरचं काढायचं, कुंपणाकडच्या फांदीवरचं ठेवायचं. आंबा मोठा आहे, एक फांदी सोसेल. लहान कलमावर मात्र मी ठेवलं नसतं.

२२ डिसेंबर. थर्मामीटर सकाळी साडेसहाला १३. धुकं. आज नोंदवहीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट घडली. परळं ठेवून अडीच महिने झाले, बुलबुल, साळुंक्या, दयाळ रोज येतात. जांभळा सूर्यपक्षी मात्र एकदाही परळात उतरला नव्हता. आज नळीनं कर्दळीवर पाणी उडवलं, आणि मी नळ बंद करते न करते तोच तो कर्दळीच्या रुंद पानावर उतरला. पोट टेकवलं, पंख पसरले आणि पानाच्या उतारावरून घसरत खाली आला, पाण्याचे थेंब अंगावर गोळा करत. टोकाला पोचला की उडून परत वर. पाच वेळा. मग शिंपी पक्षी आला, त्यानंही तेच केलं. एवढ्या लहान पक्ष्यांना दोन बोटं पाणीही खोल वाटत असावं. आता रोज आठ वाजता कर्दळ आणि केळीची पानं भिजवते, अर्धी बादलीसुद्धा लागत नाही. तुमच्याकडे रुंद पानांचं काहीही असेल, अळू, हळद, तर हे करून बघा.

५ जानेवारी. घटप्रभेच्या पक्षी अभयारण्याकडे जाऊन आलो, कांड्या करकोचे बघायला. परत आलो तर मागच्या भिंतीवर थिरथिरा बसलेला, शेपटी सतत थरथरती. तोही उत्तरेतूनच आलेला. नोव्हेंबरपासून त्याची जागा ठरलेली आहे, त्या भिंतीवरून तो खाली झेपावतो आणि पाल्याच्या कडेचा किडा उचलतो.

१५ जानेवारी. संक्रांत झाली. पतंगाचा मांजा पेरूत, आंब्यात, विजेच्या तारेवर. झाडांवरचा आकडीनं ओढून काढला, गुंडाळून कात्रीनं बारीक तुकडे केले आणि मग कचऱ्यात टाकला. नुसता टाकला तर तो वाऱ्यानं पुन्हा कुठंतरी अडकतो. तारेवरचा तसाच आहे, तिथं हात लावायचा नाही.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी. दूध उतू घालायची आमची जागा दरवर्षी कढीपत्त्याजवळ, तिथलाच पाला शेणीखाली घालायचा. यंदा कढीपत्त्याच्या खोडाला बहुरूपी फुलपाखराचा कोष आहे, तपकिरी, मोडक्या काटकीसारखा. कमरेला रेशमाचा एकच धागा, त्यावर मागे रेलून बसलेला. हिरव्या पानांत असता तर बहुधा हिरवा झाला असता. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सापडला, अजून तसाच. थंडीत दिवस जास्त लागतात. हात लावून पाहिलेलं नाही.

धूर लागू नये म्हणून सासूबाईंनीच शेणी उचलून विहिरीच्या कट्ट्याकडे मांडल्या. मी काही बोलले नव्हते. दूध पूर्वेला उतू गेलं. पाल्याचा ढीग आता निम्मा खचलाय, खालचा थर काळा आणि भुसभुशीत. परळात आज पाणी दोनदा घालावं लागलं.