तुम्ही विचारलंत म्हणून: रानात जायला पदवी कशाला?

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी बांधायला घरी माणसे जमली की कोणीतरी हा प्रश्न काढतेच. धाकटे काका रानातून फळांचा आणि वेलींचा भारा आणून ओसरीवर टाकतात आणि हसत म्हणतात, “बाये, रानांत वचपाक डिग्री कित्याक जाय गो?” लग्नसमारंभात तोच प्रश्न जरा सभ्य होऊन येतो: साहसी पर्यटनाच्या पदवीला तीन वर्षे तुम्ही करत तरी काय होतात? आजवर मी समोरचा माणूस पाहून उत्तरे दिली आणि त्यांतली बरीचशी अर्धवट होती. आता एकदाच, सगळ्यांना मिळून सांगते.

ती सहल नव्हती. पावसाळ्यात समुद्रात उतरता येत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर आमच्या वाट्याला नदी आणि डोंगर येत, आणि ऑक्टोबरनंतर समुद्र. म्हादईवर राफ्टिंगचा सराव भर पावसातच करावा लागतो, कारण एरवी राफ्ट धावण्याइतके पाणी तिच्यात नसते. वसतिगृहातील दोरीवरचे कपडे चार महिने वाळत नसत, पायांच्या बोटांत चिखल्या होत, आणि त्याच पायांनी सकाळी वर्गात बसून पर्यटनाचे कायदे आणि हिशेब शिकावे लागत. रबरी बाहुलीच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने ३० दाब आणि मग २ श्वास, हे मनगटे भरून येईपर्यंत चाले. बूट आणि हेल्मेट यांचे पैसे वेगळे, आणि ते उभे करण्यासाठी आमच्यातले कित्येक जण रविवारी किनाऱ्यावर पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधून देत असत. (‘पदवी घेऊन पट्टे बांधता काय’, हाही प्रश्न येतो. हो, बांधतो. नीट न बांधलेले जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जाते.)

काकांना रान माझ्यापेक्षा जास्त कळते, हे मला आधीपासून मान्य आहे. मात्र ते एकटे जातात, किंवा तितकीच जाण असलेल्या सोबत्यांना घेऊन जातात. मला व्हाळ, म्हणजे डोंगरातला ओढा, पहिल्यांदाच पाहणारी बारा माणसे न्यायची असतात आणि बाराच्या बारा परत आणायची असतात. हे उत्तर मी नेहमी देते आणि त्यावर सहसा कोणी काही बोलत नाही. पण या उत्तराच्या आड एक दिवस आहे, आणि तो मी टाळत आले आहे.

ऑगस्ट २०२२. तिसऱ्या वर्षाचे मूल्यमापन, सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या बाजूला. पहिल्या वर्षाचे बारा विद्यार्थी घेऊन एक व्हाळ दोन ठिकाणी ओलांडायचा, पलीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जायचे आणि त्याच वाटेने परतायचे. परीक्षक मागून चालणार, पण बोलणार नाहीत. पहिल्या ठिकाणी पाणी गुडघ्याइतके होते. शिकवल्याप्रमाणे सर्वांना सॅकचे कमरेचे पट्टे सोडायला लावले, म्हणजे कोणी पडलेच तर ओझ्यासकट ओढले जाणार नाही, आणि एकमेकांचे खांदे धरून, प्रवाहाकडे तोंड करून त्यांना पलीकडे नेले. मध्यावर एका मुलीचा पाय शेवाळावरून सटकला. तिचा हात क्षणभर सुटला आणि शेजारच्याने तो धरला. ती हसली, सगळेच हसले. मी हसले नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे मी आदल्या आठवड्यात उत्तरपत्रिकेत लिहिले होते, आणि गुडघ्याइतक्या पाण्यात ते मला पहिल्यांदा खरे वाटले.

दुसऱ्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा आमच्या डोक्यावर ऊन होते, पण घाटावर काळोख दाटला होता. अशा वेळी वर पडलेला पाऊस खाली येऊन पोहोचतो, तेव्हा येथे थेंबही पडलेला नसतो. आधी पाणी गढूळ होते आणि पालापाचोळा येऊ लागतो. मी काठावर एक काठी रोवली, पाण्याच्या रेषेवर कोयत्याने खाच केली, सर्वांना खायला बसवले आणि दहा मिनिटांनी परत फिरायला सांगितले. पुढे गेलो आणि पाणी चढले तर दोन ठिकाणी अडकू, हे कारण दिले. कारण अगदी योग्य होते. परतताना पहिल्या ठिकाणी पाणी गुडघ्याइतकेच होते आणि दुपारी लख्ख ऊन पडले.

परीक्षकांनी नंतर विचारले, “पाणी किती चढले होते?” मी म्हटले, “चार बोटे.” त्यांनी ते टिपले आणि ‘निर्णय सुरक्षित, किंचित घाईचा’ असा शेरा लिहिला. पुढे वर्षभर वसतिगृहात माझे नाव ‘चार बोटे’ पडले.

मी त्या काठीकडे पुन्हा पाहिलेच नव्हते.

ती मुलगी घसरली तेव्हाच माझे परतायचे ठरले होते. आभाळ, काठी आणि खाच ही नंतर जमवलेली साक्ष होती. पुढच्या वर्षी जुलैमध्ये मैनापीच्या धबधब्यात दोघे बुडाले, वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर बंदी घातली, तेव्हा वर्गमित्रांचे फोन आले: तू त्या दिवशी बरोबर होतीस. पण तो दिवस वेगळा होता आणि पाणीही वेगळे होते. दुसऱ्यांच्या मरणाने माझी खाच खरी ठरत नाही.

प्रवेशाच्या मुलाखतीत ‘मला भीतीवर मात करायची आहे’ असे सांगणारी मुलगी, म्हणजे तेव्हाची मीच, मला अधूनमधून आठवते. मी तिला म्हणते, भीती ऐकावी, त्या दिवशी तिने बारा जणांना घरी आणले. ती विचारते, प्रत्येक व्हाळावर सारखीच वाटणारी भीती पाण्याविषयी काय सांगणार? मग मी म्हणते, निदान कोणाला काही झाले नाही. ती म्हणते, पुढे गेली असतीस तरी कदाचित झाले नसते. इथे आमचे भांडण थांबते, मिटत नाही.

गेल्या चवथीला हे सारे मी फक्त काकांना सांगितले. त्यांनी काठीविषयी काहीच विचारले नाही. जागा कोणती, एवढेच विचारले. मी खाणाखुणा सांगितल्या. “तिथून?” ते म्हणाले. “तिथून तर मी माटोळीचे सामान आणायला दर वर्षी पलीकडे जातो.” आणि सुंभ वळू लागले.

अजूनही मी गट नेते, काठी रोवते, खाच करते. ती वाचण्याचे काम मात्र गटातल्या दुसऱ्या कोणाला तरी देते, आणि त्याने आकडा मोठ्याने सांगेपर्यंत घाटाकडे पाहत नाही.