बेळगावहून वेंगुर्ल्याला जाताना

हिंडलग्याच्या गणपतीवरून पश्चिमेला जाणाऱ्या रस्त्याला बेळगावात आजही सगळे 'वेंगुर्ला रोड' म्हणतात. रेल्वे येण्यापूर्वी आपल्या छावणीचा आणि बाजारपेठेचा माल याच वाटेने वेंगुर्ल्याच्या बंदराशी जोडलेला होता. म्हणूनच सुट्टीत समुद्रावर जायचे ठरले की गोव्याचा विचार करण्याआधी मला हा रस्ता आठवतो. गेल्या काही वर्षांत आईला घेऊन मी निरनिराळ्या मार्गांनी वेंगुर्ल्याला गेलो आहे आणि त्या अनुभवावरूनच हे लिहीत आहे.

सुळगा आणि बाची ही गावे मागे टाकली की शिनोळीला महाराष्ट्राची हद्द लागते. तेथून पाटणे फाट्यावरून चंदगड तालुक्यातून रस्ता आंबोलीकडे जातो. एकूण अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास आणि आंबोली सुमारे सातशे मीटर उंचीवर असल्यामुळे निम्म्याहून अधिक प्रवासात उंची फारशी बदलत नाही. सगळा उतार आंबोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या तीसएक किलोमीटरमध्ये एकवटलेला आहे. ज्यांना गाडी लागते, त्यांनी आंबोलीला पोहोचण्यापूर्वी भरपेट खाऊ नये आणि बसमध्ये पुढची जागा धरावी. आईच्या बाबतीत एवढ्या काळजीने मोठा फरक पडला.

एसटीने जायचे असेल, तर सावंतवाडीपर्यंतची बस पकडून तेथे वेंगुर्ल्याची गाडी बदलणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. मात्र पहाटे किंवा सकाळी लवकर निघावे, असा माझा आग्रह आहे. एकदा आम्ही दुपारी उशिरा निघालो, घाटात धुके दाटले आणि सावंतवाडीला पोहोचेपर्यंत वेंगुर्ल्याची शेवटची गाडी निघून गेली होती. अनोळखी स्थानकावर वृद्ध आईला बसवून रिक्षा शोधताना जी घालमेल झाली, ती पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये. सीमाप्रश्न तापला की बसचे वेळापत्रकही बेभरवशाचे होते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या एसटीचे कर्नाटकात येणे काही काळ थांबले होते. ज्या कुटुंबांचे नातेवाईक घाटाच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यांच्यासाठी ही सहलीची गैरसोय नसून माणसांची ताटातूट असते. ही बससेवा कोणत्याही वादात चालू राहावी, असे मला मनापासून वाटते.

रेल्वेचा मार्ग सुंदर असला, तरी वळशाचा आहे. बेळगावहून लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे असे उतरून मडगावला जायचे आणि तेथे कोकण रेल्वेने पुन्हा उत्तरेला सावंतवाडी गाठायची, म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजू फिरून तिसरीच्या टोकाला पोहोचण्यासारखे आहे. कॅसलरॉक ते कुळे या सुमारे २६ किलोमीटरच्या घाटात चढ-उतार सदतिसात एक इतका तीव्र असल्याने गाडी सावकाश चालते, आणि मडगावला पुढच्या गाडीची वाटही पाहावी लागते. सावंतवाडीचे रेल्वेस्थानकही गावापासून दूर आहे. पावसाळ्यात दूधसागर पाहायचा असेल, तर एकदा जरूर या मार्गाने जावे. पण दोन दिवसांच्या सुट्टीसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

स्वतःची गाडी असणाऱ्यांना जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटही खुणावतो, पण तो गोव्यासाठी सोयीचा आहे. तिलारी घाट नकाशावर जवळचा दिसतो. प्रत्यक्षात त्याची वळणे आणि उतार इतके तीव्र आहेत की घाटात गाडी चालवण्याची सवय नसलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये आंबोलीतही दरड कोसळण्याचा धोका असतो, तेव्हा निघण्यापूर्वी सावंतवाडीतल्या कोणा ओळखीच्या माणसाला फोन करून घाट चालू आहे का, हे विचारावे.

मला विचाराल तर ऑक्टोबरच्या मध्यानंतरचा काळ निवडावा. पहाटे निघाले की आंबोलीला चहा होतो, सावंतवाडीत गाडी बदलता येते आणि दुपारच्या जेवणापूर्वी वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभे राहता येते. मागच्या वेळी तेथे पोहोचल्यावर आईने चप्पल काढून हातात घेतली आणि कोणाचीही वाट न पाहता ती पाण्याकडे चालू लागली.