तीन गड्डे, पण मुलगी तिसरीतच

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बिडी कामगार बाईवरची कादंबरी माझ्याकडे संपादनाला आली होती. लेखिका पासष्टीच्या, त्यांना सगळे अक्काच म्हणतात. नवी संहिता आली की आधी भाषेला हात लावायचा नाही, कालपट आखायचा. फुलस्केप आडवा धरून रकाने पाडायचे: प्रकरण, महिना, सण, पात्रांची वयं, मुलांची इयत्ता. लिहिणारा साल विसरतो, सण सहसा विसरत नाही.

इथं गड्डा, म्हणजे सोलापूरची संक्रांतीतली सिद्धेश्वर यात्रा, तीनदा भरला होता. होम मैदानावरचे पाळणे, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. म्हणजे तीन संक्रांती झाल्या, आणि नायिकेची मुलगी शेवटपर्यंत आठ वर्षांची, तिसरीतच.

कागद पाहून अक्का म्हणाल्या, "माझी लेक तिसरीत होती तेव्हा वही बंद केली. उघडली तेव्हा ती नांदायला गेलेली. ना धड लिहिलं, ना धड तिच्याकडं बघितलं."

हे सगळं त्यांनी अकरा पानी मनोगतात घातलं होतं, शिवाय नायिकेच्या तोंडीही. अपराधभाव, पोकळी, मातृत्व. दिवसाला हजार बिड्या वळणारी बाई असं बोलत नाही. म्हटलं, "अक्का, हे काढू. पोरीचं वय तिच्या हातांत दाखवा."

बिडीच्या कामात ते आयतंच मिळतं. लहान पोर वळलेल्या बिडीचं तोंड दुमडते, मग दोरा गुंडाळते. पत्र्याच्या मापावर कात्रीनं पान कापणं पुढचं. शीर आडवी आली की पान वाया. तंबाखू भरून वळणं सगळ्यात शेवटी. पान नीट भिजलेलं नसेल तर वळतानाच फाटतं, आणि हात सैल पडला की कारखान्यात ती बिडी छाटीत, म्हणजे नापास मालात, जाते.

त्याच दुपारी अक्कांनी तिन्ही प्रकरणं दुरुस्त केली. पहिल्या गड्ड्याला पोर तोंडं दुमडते. दुसऱ्याला पानं कापते, छाट वाढते, धपाटा खाते. तिसऱ्याला हजार बिड्या दुपारी तीनलाच भरतात आणि आई खूश होते. पोर शाळेत गेलेली नाही, हे तिच्या ध्यानातही येत नाही. सबंध कादंबरीत याहून जड ओळ नाही.

मनोगत गेलं. आता 192 पानं, म्हणजे छपाईचे सोळा पानी बारा फर्मे, एकही पान कोरं नाही. अर्पणपत्रिकेत लेकीचं नाव घालायचं की नाही, ते अक्का प्रुफाच्या वेळी सांगणार आहेत.