आमची वाटचाल : कडकनाथ आणि 28 दिवसांची मोजणी

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या बाजूला आमचं दीड एकराचं वावर आहे. वडिलांच्या काळापासून तिथे घरापुरत्या गावरान कोंबड्या असायच्या. 2018 मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला, म्हणजे जीभ, तुरा, पाय सगळं काळसर असलेल्या कोंबडीच्या जातीला, भौगोलिक मानांकन मिळालं, आणि नागपुरात जो तो कडकनाथ विचारू लागला. आम्हीही त्याच वर्षी तिकडून 100 पिल्लं आणली आणि धंदा म्हणून कामाला लागलो.

पिल्लं मोठी झाली, पण चरायला सगळी एकत्रच. आमचा तांबडा गावरान कोंबडा तेव्हा अंगणाचा राजा होता. उबवणी सुरू करायची ठरली तेव्हा 60 कडकनाथ तलंगा, म्हणजे अंड्यावर आलेल्या तरुण माद्या, निवडल्या, सहा कडकनाथ नरांसोबत वेगळ्या जाळीत घातल्या आणि पाचव्या दिवसापासूनची अंडी मशीनला लावली. 21 दिवसांनी काळसर, पाठीवर पट्टे असलेली पिल्लं निघाली. शुद्ध म्हणूनच विकली. आमच्या मनात खोट नव्हती.

साडेचार महिन्यांनी काटोलकडचे एक शेतकरी डालग्यात दोन कोंबडे घालून आले. काही न बोलता एकाची चोच उघडली. जीभ गुलाबी. तुरा लालभडक, पाय पिवळट.

"भाऊ, मी लोकांना कडकनाथ म्हणून सांगून बसलो ना जी," एवढंच म्हणाले.

त्यांचे पैसे परत केले. त्या लॉटची वही काढून बाकीच्या गिऱ्हाइकांनाही फोन केले. त्या महिन्यात खाद्याचं बिल उधारीवर गेलं, पण फोन केले नसते तर मला झोप लागली नसती.

चूक कुठे झाली ते पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका सरांनी समजावलं. कोंबडीच्या अंडनलिकेत सूक्ष्म नळ्या असतात. कोंबड्याचं बीज त्यांत साठून राहतं आणि रोजच्या अंड्याला थोडं थोडं मिळत जातं. म्हणून कोंबडा काढून टाकल्यावरही साधारण दोन ते तीन आठवडे अंडी फलित निघू शकतात. नवा कोंबडा सोडला तर त्याचं बीज बहुतेक वेळा वरचढ ठरतं, पण जुनं एकदम संपत नाही. म्हणजे आमच्या जाळीत गावरान कोंबडा नव्हता, त्याचं बीज मात्र होतं. त्यात कडकनाथचा काळेपणा आनुवंशिकतेत जोरकस, त्यामुळे संकर पिल्लूही लहानपणी सावळंच दिसतं. रंगावरून शुद्धता ठरवणं म्हणजे स्वतःला फसवणं.

सरांचं ऐकलं, पण डोळ्यांनी पाहायचं होतं. पुढच्या खेपेला तलंगा कोंबड्याविना ठेवल्या. एक दिवसाआड दहा-बारा ताजी अंडी बायको ओट्यावर पांढऱ्या ताटल्यांत फोडायची आणि मी मोबाइलचा टॉर्च धरायचो. बलकावर पांढरा ठिपका प्रत्येक अंड्यात असतो. अंडं फलित नसेल तर तो बारीक, घट्ट आणि वेडावाकडा दिसतो. फलित असेल तर त्याच्याभोवती गोल कडं असतं, बांगडीसारखं. पहिल्या आठवड्यात बहुतेक ताटल्यांत बांगडी होती. बाराव्या दिवशी निम्म्यांत. सतराव्या दिवशीही एका बलकावर ती स्वच्छ दिसली, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. मागे आम्ही पाचव्या दिवशीच मशीन भरली होती!

तेव्हापासून आमचा नियम असा : तीन आठवडे कोंबड्याशिवाय, मग ताटलीची परीक्षा. एकही बांगडी दिसली तर मुक्काम वाढतो. परीक्षा पास झाली की कडकनाथ कोंबडे आत, दहा तलंगांमागे एक. त्यानंतर आठवडाभराची अंडीही खाण्यासाठीच. एकोणतिसाव्या दिवसापासूनचं अंडं मशीनला. कडकनाथ मुळात कमी अंडी देणारी, तरी 60 तलंगांची चारशेवर अंडी या मुदतीत खाण्याच्या भावाने जातात. तोटा आहे. पण ते पिल्लांच्या किमतीत धरलेलं आहे आणि गिऱ्हाइकाला तसं सांगतो.

आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, एकदा दुसरा कोंबडा लागला की कोंबडी कायमची बाटली. त्यापायी चांगल्या कोंबड्या कापल्या गेल्याचं मी पाहिलंय, आणि त्याचं फार वाईट वाटतं. साठलेलं बीज संपलं की कोंबडीत त्याचं काहीही उरत नाही. तिचं रक्त बदलत नाही.

एकदा मात्र पंधराव्या दिवशी शेजारचा कोंबडा पाच फुटी जाळीवरून आत उतरला. किती वेळ होता कोण जाणे. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्यानंतर वरूनही जाळी टाकली. आता तर पैदाशीची पिल्लं दोन महिन्यांची होण्याआधीच वेगळ्या शेडमध्ये जातात, दुसऱ्या कोंबड्याशी गाठच पडत नाही. बाहेरून आणलेल्या कोंबडीला मात्र नियम लागतोच.

उन्हाळ्यात आम्ही उबवणी घेत नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक दिवसांत, इथे पारा 45 च्या वर जातो, कोंबडे धापा टाकत बसतात, फलित अंडी कमी होतात. तलंगा वेगळ्या करायचं काम पोळ्यानंतर.

काटोलचे ते शेतकरी मागच्या हिवाळ्यात पुन्हा आले. 50 पिल्लं हवी होती, लगेच. शेडच्या दारावरच्या पाटीवर खडूने "दिवस 19" लिहिलं होतं. मी पाटी दाखवली. त्यांनी बोटांवर हिशोब केला, उरलेले दिवस, मशीनचे 21, आणि म्हणाले, "मग नाव लिहून ठेवा जी."