संत्रा कॅपुचिनो: एकदाचं दूध फाटायचं थांबलं

फाटलं नाही! संत्र्याच्या चवीची कॅपुचिनो करताना दूध फाटतं, काय करू, असं मागे इथे विचारलं होतं. कालचा कप तळापर्यंत प्यालो, दाण्याचा मागमूस नाही. वेलची-जायफळवाल्या कॅपुचिनोचं ज्यांनी विचारलं होतं त्यांना सांगतो, ते केव्हाच जमलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. भांडण फक्त संत्र्याशी होतं. आता वरूडच्या संत्रापट्ट्यात राहून संत्रा सोडून हेझलनटच्या चवीमागे कोण लागणार?

रस घालू नका हे तुम्ही सांगितलंच होतं. रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साडेतीनच्या आसपास, दुधातलं केसिन हे प्रथिन ४.६ ला गोळा होतं, दूध गरम असेल तर त्याआधीच. म्हणून ऑनलाइन मागवलेल्या ऑरेंज सिरपवर आलो होतो. तरी फाटायचं. आधी कॉफीवर संशय घेतला; चिखलदऱ्याच्या बियांचा हलका रोस्ट आंबटसर लागतो, म्हणून गडद भाजलेली आणली. फरक शून्य. मग दुधावर. संध्याकाळचं दूध कॅनमधून गावभर फिरून येतं, ते आधीच आंबटाकडे झुकलेलं असणार, म्हणून सकाळचं ताजं घेतलं. दाणे जरा कमी, पण होतेच. चिमूटभर खायच्या सोड्याचा उपाय कुणीतरी सुचवला होता. त्याने फाटणं थांबतं, पण चव साबणाची येते. आई तर रोज विचारायची, "काहून नासवून राहिला बाप्पा चांगलं दूध?"

शेवटी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. आम्लता नियामक ३३०. म्हणजे सायट्रिक ॲसिड! हे सरबताचं सिरप. सोड्यात बढिया, दुधाचा वैरी. विकणाऱ्याने मात्र जाहिरातीत कॉफीच्या कपाचा फोटो टाकलेला. सिरप घेताना चवीआधी ३३० शोधा.

वास सालीत असतो आणि सालीच्या तेलात आंबटपणा नसतो, म्हणून आता सगळा मामला सालीवर. आंबिया बहाराची (संत्र्याच्या एका हंगामाची) तोड सुरू आहे, मालाला तोटा नाही. नागपुरी संत्र्याची साल ढिली, पिकलेलं फळ किसणीवर धरलं की साल नुसती सरकते. थोडं कच्चट, घट्ट फळ घ्या आणि न सोलता किसा. वरचा रंगीत थरच हवा, पांढरं आलं की कडू. बाजारातल्या चकचकीत फळावर मेणाचा लेप असू शकतो, बागेतलं मिळालं तर उत्तम. कीस साखरेत बोटांनी चोळून झाकून ठेवायचा. तासाभरात साखर ओलसर, केशरी होते. कपाच्या तळाशी चमचाभर, वर मोका पॉटची (गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्यातली) कडक कॉफी, ढवळायचं, मग दूध.

फेसाची कुरकुर अजून आहे. सालीचं तेल फेस बसवतं, म्हणून ही साखर घुसळायच्या दुधात कधीच घालू नका. म्हशीचं दूध उकळून रात्रभर थंड करतो, सकाळी साय काढून ६०-६५ अंशांपर्यंत तापवतो आणि फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे कॉफी गाळायच्या भांड्यात, जाळीच्या दट्ट्याने घुसळतो. दुधाला फेस आणणारा सेलवरचा फ्रॉदर कपाटात गेला. त्याचे बुडबुडे आंघोळीच्या साबणासारखे मोठे, ओतेपर्यंत फुटतात. प्रेसचा फेस बारीक असतो, पण अर्धा कप होईतो सेंटीमीटरभरही उरत नाही.

पुढे कोको घालून बघणार होतो. पण हे लिहिता लिहिताच सुचलं, कॉफीच्या बिया आजूबाजूचा वास चटकन ओढून घेतात, म्हणूनच तर आपण त्या मसाल्याच्या डब्याजवळ ठेवत नाही. मग वाळवलेली साल बियांसोबत बरणीत बंद करून ठेवली तर? कपात तेलच जवळपास नाही, फेसाला धक्का नाही, साखरही आपल्या मर्जीने. ओली साल चालणार नाही, बियांना दमट लागेल. कोको राहू दे बाजूला. सालं आत्ताच सुपात पसरून गच्चीवर ठेवून आलो. पावभर बियांना किती साल लागेल, आणि दळायच्या आधी ती वेचून काढायची की सोबतच दळायची? कुणी केलं असेल तर सांगा, नाहीतर मी अंदाजाने मूठभर टाकतो.