"पडलात कसे?"

मागे एकदा वळणावर बारीक खडीवरून बाईकचं पुढचं चाक निसटलं आणि मी गाडीसकट आडवा. डॉक्टरांनी स्पीड नंतर विचारला, आधी विचारलं "पडलात कसे? घसरलात, उडालात की टाकीवर आदळलात?" तेव्हा काही कळेना, नंतर यावर वाचत गेलो तेव्हा पटलं, काय मोडलं असेल याचा बराचसा अंदाज तिथेच येतो.

माझं झालं ते लोसाइड, म्हणजे गाडी कललेल्या बाजूलाच घसरून पडणं. गाडी आधीच कललेली असते त्यामुळे उंचावरून आपटत नाही, वेग घसरण्यात जिरतो, कातडी सोलवटते, पाय गाडीखाली सापडला तर घोटा जातो. पण घसरत जाऊन कठड्याच्या खांबाला धडकलं की संपलं.

हायसाइड वेगळंच. मागचं चाक सरकतं, आपण घाबरून थ्रॉटल एकदम सोडतो, चाकाला परत ग्रिप मिळते, गाडी झटक्यात सरळ होते आणि आपल्याला वर भिरकावते. खांद्यावर आपटलं तर कॉलरबोन, आणि डोकं एकीकडे खांदा दुसरीकडे ओढला गेला तर मानेतून हातात जाणाऱ्या नसाच तुटतात. हात दिसायला धड, पण हलत नाही. यात हेल्मेटचाही उपयोग नाही!

सगळ्यात कमी बोललं जातं ते समोरच्या धडकेबद्दल. गाडी थांबते, आपण थांबत नाही, आणि वाटेत पहिली येते ती पेट्रोलची टाकी. जांघेवर मार बसतो, पेल्व्हिस (कमरेखालच्या हाडांचा सांगाडा) पुढून पुस्तकासारखं उघडतं (डॉक्टर त्याला ओपन बुकच म्हणतात) आणि आत भरपूर रक्त जातं, बाहेर थेंब नाही. असा माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याला उठवून बसवू नका प्लीज, हलवूच नका. पुढे जाताना मांड्या हँडलला अडकल्या तर फीमर (मांडीचं हाड) मोडतं, आणि हँडल घट्ट धरलेलं असतं म्हणून अंगठा आणि मनगट.

आणि "जवळच तर जायचंय" म्हणणाऱ्यांसाठी, दीड मीटर उंचीवरून डोकं नुसतं खाली पडलं तरी जमिनीवर ताशी जवळपास 20 किमीने आपटतं, गाडी उभी असली तरी. हेल्मेटमधला थर्माकोल चेपतो आणि तो धक्का खातो, पण एकदा चेपला की परत फुगत नाही. माझ्या हेल्मेटवर बाहेरून फक्त एक ओरखडा होता, आतलं अस्तर काढून बघितलं तर उजव्या बाजूला चांगला खड्डा.