अर्धीच खरवडा

शाळेच्या स्मरणिकेसाठी सरांविषयी लिहा, असं पत्र आलं आणि प्रयोगशाळेतल्या फळ्याचा वरचा कोपरा आठवला: ‘एका वेळी एकच बदल.’ अक्षर कोणाचं, हे सांगायला नको. सरांविषयी आदराचे शब्द लिहावे तेवढे थोडेच. त्यापेक्षा त्यांनी करायला शिकवलेली, सेलवर फिरणारी छोटी विजेची मोटार नीट लिहून ठेवतो.

१.५ व्होल्टचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, रबर बँड, जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणि २६ गेज जाडीची, इनॅमल (वीज अडवणारा लेप) असलेली तांब्याची सव्वा मीटर तार. सेलभोवतीच १० वेढे घ्यायचे आणि टोकं ५-५ सेंटिमीटर समोरासमोर बाहेर ठेवायची. ती एका रेषेत नसली की वेटोळं डुगडुगतं. पिना सेलच्या धन आणि ऋण टोकांना रबर बँडने आवळून त्यांच्या भोकांत तारेची टोकं ओवायची. चुंबक सेलवर, वेटोळ्याच्या जितकं जवळ तितकं बरं; घासू मात्र द्यायचं नाही.

खरी गोम खरवडण्यात. इनॅमल तांब्याच्याच रंगाचं, त्यामुळे तार उघडीच वाटते. एक टोक पॉलिश पेपरने पूर्ण साफ करायचं. दुसरं, वेटोळं उभं धरून, फक्त वरच्या अर्ध्या अंगाने. दोन्ही टोकं पूर्ण साफ केली तर वेटोळं पाळण्यासारखं झुलून थांबतं, कारण दर अर्ध्या फेरीला बल उलटतं. उरलेलं इनॅमल नेमका तेवढा वेळ प्रवाह तोडतं आणि वेटोळं वेगाच्या भरात पुढे निघून जातं.

वेटोळं आडवं धरून खरवडलं तर? तार अर्धीच साफ, तरी मोटार ठप्प! पोरं सेल बदलत, चुंबक बदलत, आणि सर खिडकीबाहेर बघत. आता गुपित फोडायला हरकत नाही: प्रवाह मिळतो त्या अर्ध्या फेरीच्या ऐन मधेच बल उलटतं, म्हणून मिळालेला जोर तिथेच फिटतो.

सुरुवातीला बोटाने टिचकी लागते. वेटोळं अडकून राहिलं तर सेल तापतो, कारण एवढ्याशा तारेचा रोध नगण्य, लगेच सोडवायचं. लिथियमचा सेल तर लावायचाच नाही.

हल्ली तार आधीच खरवडलेले संच मिळतात. मोटार पहिल्या मिनिटाला फिरते, दुसऱ्या मिनिटाला खोक्यात जाते. नव्या प्रयोगशाळेच्या कपाटात संच खुशाल ठेवा. पण तारेचं रीळ आणि पॉलिश पेपर तेवढा कुलपाबाहेर असू द्या.